आम्हांला ताटावरून उठवू नका

कोलोरॅडोतल्या स्की रिसॉर्टांच्या व्यवस्थापकांना, आणि ज्या जमिनीवर ही रिसॉर्टं चालतात त्या राष्ट्रीय वनांच्या अधिकाऱ्यांना,

स. न. वि. वि.

या पत्राची इंग्रजी प्रत तुम्हांला वेगळी पाठवली आहे. इथे मराठीत लिहिते आहे ते डेन्व्हर आणि आसपासच्या मराठी घरांसाठी. दर हिवाळ्यात आम्ही मुलांना घेऊन डोंगरावर येतो आणि जेवणाच्या वेळी जे घडतं ते निमूट सोसून परत जातो. आपणच काहीतरी नियम मोडला असेल असं वाटून कुणी बोलत नाही. मीही दोन वर्षं बोलले नाही.

यंदाच्या जानेवारीतली गोष्ट. मार्टिन ल्यूथर किंग दिनाची जोडून सुट्टी होती, संक्रांत नुकतीच झाली होती. साताऱ्याहून सासूबाई आल्या होत्या. त्यांनी आणि मी पहाटे चारला उठून डबा केला. मेथीचे पराठे, बटाट्याची कोरडी भाजी, दाण्याची चटणी, थर्मासमध्ये मसुरीची आमटी, आणि त्यांनी स्वतः वळून आणलेले तिळाचे लाडू. तीळ आणि गूळ थंडीत अंगाला ऊब देतात, म्हणूनच ते संक्रांतीला खायचे. बर्फात जाणाऱ्या नातवंडांसाठी याहून चांगला खाऊ कुठला, असं त्या म्हणाल्या. आय-७० महामार्गावर अडीच तास गाडीत गेले. रिसॉर्टचं नाव लिहीत नाही, कारण जे झालं ते एकाच ठिकाणी होत नाही.

सव्वाबाराला आम्ही डोंगराच्या मध्यावरच्या लॉजमध्ये जमलो. सासूबाई गोंडोलातून, म्हणजे रोपवेच्या बंद पाळण्यातून, वर आल्या होत्या, पायी प्रवाशाचं वेगळं तिकीट काढून. धाकटा सहा वर्षांचा आहे. त्याचे हातमोजे आतून ओले झाले होते, बोटं लाल झाली होती आणि तो रडायच्या बेतात होता. कोपऱ्यातलं एक टेबल मिळालं. मी थर्मासच्या झाकणात आमटी ओतून त्याच्या हातात दिली, त्यानं दोन्ही तळव्यांत झाकण धरलं, आणि तेवढ्यात विशीतला एक कर्मचारी आला. फार नम्रपणे बोलला. म्हणाला, इथे बाहेरचं खाणं चालत नाही; त्यासाठी खाली पायथ्याला खोली आहे.

सासूबाईंना इंग्रजी येत नाही. पण हाताची खूण त्यांना कळली. त्यांनी हातातला अर्धा पराठा डब्यात ठेवला, झाकण लावलं, टेबलावर सांडलेली चटणी रुमालानं पुसली आणि उभ्या राहिल्या. मग मला हळूच विचारलं, "माझं काही चुकलं का गं?"

आमच्याकडे भरल्या ताटावरून कुणाला उठवत नाहीत. भांडण असलेल्या भाऊबंदालाही नाही. ताटावर बसलेल्या माणसाचं जेवण होऊ द्यायचं, मग काय बोलायचं ते बोलायचं. त्या मुलावर माझा राग नाही. त्यानं नियम सांगितला, आणि तो सांगताना त्याचाही चेहरा पडला होता. माझं म्हणणं नियम करणाऱ्यांशी आहे.

खाली जायचं म्हणजे काय, हे तुम्हांला माहीत आहे. सहा वर्षांच्या, गारठलेल्या, भुकेल्या मुलाला पुन्हा स्की घालायला लावायचं, गर्दीच्या उतारावरून खाली आणायचं, तिथल्या खोलीत जागा शोधायची आणि मग परत लिफ्टच्या रांगेत उभं राहायचं. म्हणजे दिवसातला दीड तास जाणार. बाहेरच्या ओट्यावर बसा, असाही पर्याय होता. तिथे उणे अकरा अंश सेल्सियस होतं. म्हणून आम्ही तेच केलं जे बहुतेक लोक करतात. टेबल राखायला म्हणून जेवण विकत घेतलं.

एक व्हेज बर्गर, पिझ्झाचे दोन तुकडे, एक मॅक अँड चीज, नवऱ्यासाठी एक वाटी चिली, मुलांना दोन हॉट चॉकलेट, पाण्याच्या दोन बाटल्या. करासकट ११७ डॉलर झाले. पावती अजून माझ्याकडे आहे. बर्गरची टिक्की मधोमध गार होती. पिझ्झा दिव्याखाली ठेवून ठेवून वाळला होता. सासूबाईंनी सूप घ्यावं म्हणून मी विचारलं की यात काय आहे. भाज्या आहेत, असं उत्तर आलं. पाणी कशाचं, म्हणजे कोंबडीच्या हाडांचं की नुसत्या भाज्यांचं, हे काउंटरवर कुणालाच सांगता येईना. त्या माळकरी घरातल्या आहेत. त्यांनी सूप घेतलं नाही. कोट अडकवायच्या खुंट्यांपाशी, भिंतीकडे तोंड करून, त्यांनी उभ्यानं एक तिळाचा लाडू खाल्ला. ते मी पाहिलं, म्हणून हे पत्र.

आता तुमची बाजू. ती मला समजते, आणि ती खोटी नाही. डोंगरावरच्या लॉजपर्यंत रस्ता हिवाळ्यात नसतो. प्रत्येक बटाटा, प्रत्येक कागदी प्याला बर्फावरच्या साखळीच्या गाडीतून रात्री वर जातो आणि कचरा तसाच खाली येतो. हंगाम साधारण नोव्हेंबर ते एप्रिल, आणि इमारतीची देखभाल बारा महिने. डोंगराळ गावांत घरभाडी अशी आहेत की स्वयंपाक्याला राहायला जागा मिळणं कठीण. म्हणून डेन्व्हरमधल्या दरात वर जेवण द्या, असं मी म्हणत नाही. थोडं महाग असेल हे धरूनच आम्ही येतो. सह्याद्रीत हरिश्चंद्रगडावर चढून गेलं की वरचे गावकरी पिठलं-भाकरी करून वाढतात. पीठ, तेल, कांदे सगळं पाठीवरून वर नेलेलं असतं, आणि खालच्यापेक्षा चार पैसे जास्त द्यायला कुणी कुरकुरत नाही. पण ते जेवण गरम असतं, पोटभर असतं आणि आपण आणलेली पुरणपोळी शेजारी उघडली तर कुणी उठवत नाही.

मला महागाईपेक्षा जास्त खटकतं ते दुसरंच. महाग आणि गार जेवण विकायचं, आणि स्वस्त आणि गरम डबा उघडू द्यायचा नाही, या दोन गोष्टी एकाच छताखाली आल्या की माणसाला पर्यायच उरत नाही.

ते छत कुणाच्या जमिनीवर आहे, हेही बघा. पायथ्याच्या इमारती बऱ्याचदा खासगी जागेवर असतात, ते मान्य. पण वरचे उतार आणि वरचे लॉज बहुतेक ठिकाणी राष्ट्रीय वनाच्या जमिनीवर आहेत. देशभरातली १२२ स्की केंद्रं अशी वनखात्याच्या जमिनीवर चालतात. व्हेल, ब्रेकनरिज, कीस्टोन, कॉपर, अरापाहो बेसिन, अ‍ॅस्पेनचे डोंगर ही सगळी एकट्या व्हाइट रिव्हर वनाच्या हद्दीत येतात. १९८६ च्या कायद्यानं या केंद्रांना ४० वर्षांपर्यंतचा परवाना मिळू शकतो. १९९६ च्या कायद्यानं त्याचं शुल्क ठरतं, दीड ते चार टक्क्यांच्या चढत्या दरानं, आणि ज्या उत्पन्नावरून ते मोजतात त्यात लिफ्टचं तिकीट, स्की शाळा यांच्याबरोबर वनाच्या जमिनीवरच्या उपाहारगृहांची विक्रीही धरली जाते. म्हणजे आमच्या ११७ डॉलरांची नोंद कुठेतरी सरकारी हिशेबातही पोचली असणार. वनखात्याच्या अधिकाऱ्यांनो, म्हणूनच हे पत्र तुम्हांलाही आहे. नवा लॉज बांधायचा किंवा जुना वाढवायचा झाला की रिसॉर्टचा आराखडा तुमच्या टेबलावर येतो. त्यात झाडं किती पडतील, सांडपाणी कुठे जाईल, हे तुम्ही विचारता आणि विचारायलाच हवं. डबा घेऊन आलेलं कुटुंब कुठे बसेल, हेही एकदा विचारा.

याच वनात, याच डोंगरांमध्ये वेगळी रीतही आहे. टेन्थ माउंटन डिव्हिजन या लष्करी तुकडीच्या नावानं चालणाऱ्या झोपड्यांची साखळी इथे १९८० च्या दशकापासून आहे. दुसऱ्या महायुद्धात कॅम्प हेलला ज्या सैनिकांनी बर्फातल्या लढाईचं शिक्षण घेतलं, त्यांच्यापैकी काहींनी परत येऊन इथले स्की उतार उभे केले. अरापाहो बेसिन १९४६ साली सुरू झालं आणि व्हेल १९६२ साली, दोन्हींच्या मुळाशी त्या तुकडीतली माणसं होती. त्यांच्या स्मरणार्थ या झोपड्या. दोन वर्षांपूर्वी आम्ही चार कुटुंबं मिळून एका झोपडीत राहिलो. तिथे विकत काहीच मिळत नाही. लाकडाची शेगडी, गॅसच्या चुली, पातेली, ताटल्या एवढं असतं. शिधा आपला, पाणी बर्फ वितळवून. आम्ही छोटा कुकर पाठीवर नेला होता. अकरा हजार फुटांवर पाणी ८९ अंशांच्या आसपासच उकळायला लागतं, त्यामुळे उघड्या पातेल्यात डाळ तासन्‌तास शिजत नाही आणि भाताचे दाणे टचटचीत राहतात. कुकरच्या चार शिट्ट्यांत खिचडी झाली. शेजारच्या खोलीत मिनेसोटाहून आलेलं एक म्हातारं जोडपं होतं. त्यांनी त्यांची पावाची लादी पुढे केली, आम्ही खिचडी वाढली. त्या रात्री मुलगी म्हणाली की डोंगरावरचं सगळ्यात छान हॉटेल हे आहे. तिला हॉटेलमध्ये बिल असतं हे तेव्हा ठाऊक नव्हतं.

रोज हजारो माणसं येणाऱ्या लॉजमध्ये प्रत्येकाला चूल देता येणार नाही. पण आल्प्समध्ये यावर एक तोडगा काढलेला आहे. माझी मावसबहीण म्युनिकला असते, तिच्यामुळे तो मला कळला. जर्मन आणि ऑस्ट्रियन गिर्यारोहण संघांच्या झोपड्यांमध्ये सभासदांसाठी एक 'गिर्यारोहकाचं जेवण' ठेवावंच लागतं. किमान ५०० कॅलरीचं गरम ताट, आणि त्याच्या किमतीला संघानं घातलेली मर्यादा. बाकी खाद्यपदार्थ झोपडीवाल्यानं हव्या त्या दरानं विकावेत. चहासाठी गरम पाणीही सभासदाला मागता येतं. ती आणि तिचा नवरा दोन मुलांना घेऊन गेले तेव्हा त्यांनी मसुरीच्या डाळीचं घट्ट सूप आणि राईचा पाव खाल्ला. तिनं फोटो पाठवला, खाली लिहिलं होतं, "आपली आमटीच आहे, फोडणी तेवढी नाही."

मला कोलोरॅडोच्या लॉजमध्ये नेमकं हेच हवं आहे. एक ताट. फक्त एक. ज्याची किंमत हंगामाच्या सुरुवातीला ठरेल, तिकिटाच्या पानावरच छापलेली असेल आणि सुट्टीच्या दिवशी वाढणार नाही. त्यासाठी बाहेरून काही आणायलाही नको. या राज्याच्या नैर्ऋत्य टोकाला डव्ह क्रीक नावाचं गाव आहे, ते स्वतःला पिंटो बीन्सची जागतिक राजधानी म्हणवतं. सॅन लुइस खोऱ्यात बटाटा पिकतो. प्वेब्लोच्या हिरव्या मिरचीचा इथल्या लोकांना केवढा अभिमान! या तिन्हींचं एक मोठं पातेलं मोठ्या प्रेशर कुकरमध्ये शिजवलं, वर भात किंवा मक्याची रोटी दिली, की झालं. मांस नाही, म्हणजे आम्हांलाही चालतं, हलाल पाळणाऱ्यांना चालतं आणि कोशर पाळणाऱ्या पुष्कळांची निम्मी अडचण तरी मिटते. ज्याला मांस हवं त्यानं वरून विकत घ्यावं. एक किलो कोरड्या कडधान्यात वीसेक वाट्या उसळ सहज होते. कडधान्य वजनाला हलकं, नासत नाही, फ्रीजर लागत नाही. साखळीच्या गाडीनं वर न्यायला गोठवलेल्या टिक्क्यांच्या खोक्यांपेक्षा हे किती सोपं, हे तुमचा स्वयंपाकीच सांगेल.

पाण्याबद्दल वेगळं सांगते, कारण ते तब्येतीचं आहे. कोरड्या, विरळ हवेत नुसत्या श्वासावाटे अंगातलं पाणी जातं. समुद्रसपाटीवरून आलेल्या पाहुण्यांना पहिल्या एक-दोन दिवसांत डोकं दुखतं, अन्नावरची वासना जाते. त्यांना सांगितलं जातं की भरपूर पाणी प्या. मग बाटली साडेपाच डॉलरला का? नळाचं गार पाणी काही लॉजमध्ये मिळतं, त्यासाठी आभार. गरम पाणी मात्र बऱ्याच ठिकाणी रिकाम्या कपाचे पैसे लावून देतात. त्या दिवशी स्वयंपाकघरातल्या एका मुलीनं, बहुतेक दक्षिण अमेरिकेतून हंगामापुरती आलेली असावी, माझा थर्मास न बोलता घेतला आणि उकळत्या पाण्यानं भरून परत दिला. तिनं ते नियमात बसवून दिलं नव्हतं. केचप गरम पाण्यात कालवून, वर फुकटची खारी बिस्किटं चुरून 'टोमॅटो सूप' पिणारे स्कीवाले पिढ्यान्‌पिढ्या आहेत. लोक हे हौसेनं करत नाहीत. खिशात तिकिटापुरतेच पैसे असतात, म्हणून करतात.

कुणी म्हणेल, गाडीत जाऊन खा. अरापाहो बेसिनला उतारालगतच्या गाडीतळाला लोक 'बीच' म्हणतात. शेगड्या मांडतात, खुर्च्या टाकतात, दिवसभर खातात, पितात, मजा करतात. फार सुंदर प्रथा आहे, ती टिकावी. पण तिथे आधी गाडी हवी आणि जागा मिळायला हवी. राज्य सरकारनं २०१९ मध्ये डेन्व्हरहून स्नोस्टँग बस सुरू केली, म्हणजे आय-७० वरची गर्दी कमी व्हावी. बोल्डरहून एल्डोराला साधी शहरी बस जाते. या बसनं येणारी विद्यार्थी मुलं, गाडी नसलेली कुटुंबं डबा कुठे ठेवणार? लॉकरलाही पैसे पडतात. बसनं या म्हणून सांगायचं, आणि बसनं आलेल्यालाच जेवायला जागा नाही, हे बरोबर नाही.

शाळकरी मुलांसाठी स्वस्त पासाची योजना या राज्यात आहे, त्यात आमच्या मुलीनं स्की शिकली. तुम्ही मनानं मोठे आहात हे मला माहीत आहे. बीव्हर क्रीकला दुपारी तीनला गरम चॉकलेट कुकीज फुकट वाटतात. माझा धाकटा ते तबक कधी येतं याची वाट बघत उभा असतो. काही कंपन्या हंगामी पासधारकांना जेवणावर २० टक्के सूट देतात. पण वर्षातून दोनदा येणाऱ्या घराकडे तो पास नसतो, आणि त्यालाच खिडकीवर सगळ्यात महाग तिकीट पडतं. मोठ्या रिसॉर्टवर ते २०० डॉलरच्या पुढे गेलं आहे. इतके पैसे भरून आलेलं माणूस तुमच्या टेबलावर फुकट बसायला आलेलं नसतं.

तेव्हा वरच्या प्रत्येक लॉजमध्ये काही टेबलं डब्यासाठी राखून ठेवा. तळघरात, शौचालयाशेजारी नकोत. खिडकीजवळची नसली तरी चालतील. त्यावर पाटी लावा, म्हणजे कुणाला विचारावं लागणार नाही आणि कुणाला उठवावं लागणार नाही. गर्दीच्या वेळी अर्ध्या तासात टेबल सोडा असं लिहा, आम्ही सोडू. शेजारी एक मायक्रोवेव्ह आणि गरम पाण्याचा नळ ठेवा. सुपाच्या पातेल्यावर ते कशाच्या पाण्यात केलं आहे ते लिहा, आणि तळणीचं तेल वेगळं आहे की नाही तेही. कागद आणि पेन लागतो त्याला.

डेन्व्हरकडच्या मराठी मंडळींना एक विनंती. तुमच्याकडेही अशा पावत्या आणि असे प्रसंग असतील. रिसॉर्टला पाठवा, वनखात्याच्या तुमच्या भागातल्या कार्यालयाला पाठवा. शिव्या नकोत, तारीख, वेळ, लॉज आणि काय झालं एवढंच लिहा.

सासूबाई मार्चअखेर साताऱ्याला परत जातील. त्याआधी त्यांना एकदा डोंगरावर न्यायचं आहे. त्या नको म्हणतात. मी खालीच गाडीत बसते, तुम्ही जाऊन या, म्हणतात. त्यांना गोंडोलातून वर नेऊन मोठ्या खिडकीशी बसवायचं आहे, नातू वळणं घेत खाली येतो ते बघायला, आणि तो आत आला की त्याच्या हातात आमटीची वाटी त्यांनीच द्यायची आहे. त्यासाठी तुमच्याकडे टेबल आहे का, तेवढं मार्चच्या मध्यापर्यंत कळवावं.

आपली,
डेन्व्हरजवळच्या ऑरोराची एक आई